केडगाव, १९०५: सत्तर जणींचं प्रार्थना मंडळ आणि त्यातून उभी राहिलेली साक्ष

१९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात, निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या आपल्या संस्थेत, एक आवाहन केलं. संजीवनासाठी, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या आत्मिक जागृतीसाठी, रोज आपल्याबरोबर प्रार्थना करायला कोण कोण येईल, एवढाच प्रश्न. सत्तर जणी पुढे आल्या. त्या रोज सकाळी जमू लागल्या. हळूहळू संख्या वाढत गेली, आणि जूनअखेर साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा एकत्र येऊन प्रार्थना करत होत्या. त्याच महिन्याच्या शेवटी तिथे जी आत्मिक जागृती झाली तिचे पडसाद पुणे, दौंड, गुजरात करत थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीपर्यंत गेले.

ही गोष्ट आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पुष्कळदा सांगितली जाते. पण सांगताना सगळा भर त्या जूनच्या रात्रीवर असतो. माझ्या मते या प्रकरणातली शिकण्यासारखी जागा ती रात्र नाही. ती आहे आधीच्या सहा महिन्यांत, आणि त्याही मागे रमाबाईंच्या आयुष्यातल्या वीसेक वर्षांत. ‘प्रार्थना केली आणि आत्मा उतरला’ एवढंच सांगून थांबलो, तर प्रार्थनेने साक्ष कशी घडते आणि माणूस कसा वाढतो हे कळतच नाही.

रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली. त्यात त्या प्रार्थना मंडळाने नेमकं काय मागितलं ते नोंदलेलं आहे. हिंदुस्थानातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन व्हावं, आणि त्यात आम्हीही आलो. शिवाय सर्व देशांतल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा. या मागणीत हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या धर्मांतराची यादी नाही. मागणाऱ्यांनी पहिलं बोट स्वतःकडे केलं आहे. माझ्या वाचनात या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

मागची वाट

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, वेदशास्त्रसंपन्न, पण बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून वाळीत पडल्यासारखे. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थांमागून तीर्थं फिरलं. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक फुलं-फळं-पैसे ठेवतील त्यावर जगायचं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी चालत उत्तरेकडे गेली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथे विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

म्हणजे धर्माचं पठण, व्रत, उपवास, अनुष्ठान हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या त्यातच वाढल्या होत्या. देवाकडे काही मागावं आणि काही होऊ नये, हा अनुभवही त्यांनी पोटभर घेतला होता. पुढे त्यांच्या प्रार्थनेत दिखाऊपणाचा तिटकारा दिसतो त्याचं मूळ मला या वाटेवर सापडतं.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. त्याआधी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला त्या जोगिणींचं एक काम दाखवण्यात आलं होतं. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेनं सांभाळलं जात होतं. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्री आणि विहिरीवर बसलेला येशू. रमाबाई हललेल्या दिसतात त्या कामाने आणि वचनाने मिळून. नुसतं प्रवचन त्यांनी आयुष्यभर ऐकलंच होतं.

पण बाप्तिस्म्याबरोबर प्रार्थना जमली असं झालं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार वाचला की कळतं, या बाईला विश्वास हवा होता पण दुसऱ्याच्या तोंडून नको होता. एका पुरोहितवर्गाचं जोखड नुकतंच उतरवलं आहे, लगेच दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पुढे त्यांनीच कबूल केलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मवृत्त त्यांच्या हाती आलं. हा माणूस पाळक म्हणून काम करत असताना, चक्क व्यासपीठावरून उपदेश देताना, परिवर्तन पावलेला. ते वाचताना रमाबाईंना आपलीच गोष्ट वाचल्यासारखं वाटलं.

आपल्याकडे बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, की माणूस ‘पूर्ण’ झाला असं धरून चालतात. हिंदुस्थानातली त्या काळची सर्वांत नावाजलेली ख्रिस्ती स्त्री आठ वर्षं मनातून कोरडी होती आणि तिने ते लपवलं नाही. १९०५ साली ‘आमचंही परिवर्तन कर’ असं मागायचं बळ तिला याच प्रामाणिकपणातून आलं.

उघडं दार

११ मार्च १८८९ ला मुंबईत रमाबाईंचं विधवा मुलींसाठीचं शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, बोस्टनहून येणारा, दहा वर्षांच्या बोलीवर. अट ही की संस्थेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. रमाबाईंनी ती मान्य केली होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती, आणि त्यांच्या भरवशावर ब्राह्मण घरांनी आपल्या विधवा मुली तिथे पाठवल्या.

रमाबाई रोज मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. मुली सदनात मोकळ्या वावरत. रमाबाईंच्या खोलीत त्यांना कधीही जाता येई. काही जणी प्रार्थनेच्या वेळी येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी बोलावलं नाही, आणि हाकललंही नाही.

१८९३ साली यावरून पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’तून टीका झाली, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी माझा धर्म माझ्या खोलीत पाळते, तो लपवून पाळणार नाही, आणि मायेनं आलेल्या मुलीच्या तोंडावर दार लावणार नाही. बोस्टनच्या मंडळींनी त्यांची बाजू घेतली.

इथे माझं मत थोडं गुंतागुंतीचं आहे आणि ते तसंच मांडतो. रमाबाईंनी दार लावायला नको होतं, यात मला शंका नाही. दार लावून केलेली प्रार्थना प्रभूनेच शिकवली आहे, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, पण तिथे मुद्दा दिखाव्याचा आहे. आणि पोरक्या मुलींच्या घरात आईसारख्या बाईने दाराला कडी घालणं म्हणजे काहीतरी लपवण्यासारखं आहे असं सांगणं होतं. तरीही रानडे-भांडारकरांचं दुःख खोटं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या शब्दावर लोकांच्या मुली आणल्या होत्या. बारा-चौदा वर्षांची मुलगी, जिला घरी कुणी जवळ घेतलं नाही, ती जिच्या मांडीवर डोकं ठेवते तिच्या देवाकडे ओढली जाणारच. हे बळजबरी नाही, पण याला निव्वळ तटस्थताही म्हणता येत नाही. पालकांना हे आधीच स्वच्छ शब्दांत सांगायला हवं होतं, असं मला वाटतं.

या वादात एका नावाचा पुरेसा विचार होत नाही. मुंबईत शारदा सदनात आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. रमाबाईंच्या सहवासात ती तीन-चार वर्षं राहिली. मार्च १८९३ मध्ये, म्हणजे वाद पेटण्याच्या तोंडावर, तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. याच त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. त्या हिंदूच राहिल्या, रमाबाईंविषयी त्यांचं प्रेम आयुष्यभर टिकलं, आणि कर्व्यांच्या आश्रमासाठी त्यांनी झोळी घेऊन पैसे जमवले. प्रार्थनेच्या खोलीचं दार आत यायला जितकं उघडं होतं तितकंच बाहेर जायलाही उघडं होतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. ख्रिस्ती साक्ष मोकळी होती की नाही हे कोण ख्रिस्ती झाले यावरून ठरत नाही. जे झाले नाहीत त्यांना कसं वागवलं यावरून ठरतं.

मागायला शिकणं

१८९५ च्या एप्रिलमध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांच्या तंबूतल्या सभा भरल्या होत्या. रमाबाई गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर प्रभूला स्वीकारलेल्या पंधरा मुली होत्या. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी त्यांच्या मनात आलं, या पंधरांचा वर्ग करून मागावं. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. घरात तेव्हा एवढ्या मुलींना जागाही नव्हती. मग त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि गावोगावच्या मदत छावण्यांतून, रस्त्यांवरून शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या.

हा हिशेब सांगताना माझा हात जरा थांबतो, कारण दोनशे पंचवीसचा आकडा ‘मागा म्हणजे मिळेल’च्या उदाहरणात बसवणं फार सोपं आहे. दुष्काळ हे कुणाच्या प्रार्थनेचं उत्तर नसतं. पण रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आई-वडील गमावले होते, आणि छावणीत भुकेल्या तरुण मुलींचं काय होतं हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. ज्या बाईने एप्रिलमध्ये देवाकडे मुली मागितल्या तिला वर्ष संपण्याआधी उठून जावं लागलं, खिशात पैसे नसताना. मागितलेल्या गोष्टीची जबाबदारी मागणाऱ्याच्याच गळ्यात पडली.

त्याच काळात त्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचं, चीनमध्ये काम केलेल्या हडसन टेलरचं, न्यू हेब्रिडीज बेटांवरच्या जॉन पेटनचं चरित्र वाचत होत्या. कुणापुढे हात न पसरता, फक्त देवाकडे मागून चालवलेली कामं. हे हिंदुस्थानात जमेल का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. बोस्टनची दहा वर्षांची बोली १८९८ ला संपत होतीच. केडगावला स्टेशनजवळ शंभरेक एकर जमीन आधीच घेतलेली होती, फळबाग करून सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून. पुण्यात प्लेग आला, मुलींना शहराबाहेर हलवावं लागलं, तेव्हा त्याच माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून मुक्ती सदन झालं. हे मात्र उघडपणे ख्रिस्ती होतं. शारदा सदनातली संदिग्धता इथे उरली नाही. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर, ज्याला तिकडे छप्पनिया म्हणतात, इथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार बायका-मुली म्हणजे रोजची भाकरी, विहिरींचं पाणी, आजारपण, भांडणं, चोऱ्या. शेती, विणकाम, छापखाना, तेलाचा घाणा, दूधदुभतं, अंधांसाठी ब्रेल. कृपा सदनात अशा स्त्रिया, ज्यांना इतर कुठेही जागा नव्हती. १९०५ ची प्रार्थना या गोंगाटात झाली. एखाद्या शांत मठात नव्हे.

जानेवारी ते जून

१९०२ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला टोरी आणि अलेक्झांडर या सुवार्तिकांच्या मोठ्या सभा झाल्या होत्या. त्यांच्या आधी घरोघरी प्रार्थना मंडळं चालवली गेली होती असं कळल्यावर रमाबाईंनी मनोरमाबाई आणि मिनी अ‍ॅब्रम्स या दोघींना तिकडे पाठवलं. अ‍ॅब्रम्सबाई मूळच्या अमेरिकेतल्या मेथॉडिस्ट डीकनेस (मंडळीची सेविका), १८८७ पासून मुंबईत, १८९८ पासून रमाबाईंबरोबर. पुढे १९०४ अखेर वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या आल्या, मग खासी टेकड्यांमधल्या. बाहेर काहीतरी चाललं आहे हे केडगावला ठाऊक होतं. इथे तेच व्हावं म्हणून रमाबाईंनी कुणी मोठा वक्ता बोलावला नाही; सत्तर जणी गोळा केल्या.

सहा महिने रोज. काही दिसत नसताना रोज. आपल्या ‘उपवास-प्रार्थना’ तीन दिवसांच्या असतात, एकवीस दिवसांच्या असतात, आणि शेवटच्या दिवशी जेवण असतं. त्याला माझी हरकत नाही. पण केडगावच्या मंडळाला शेवटचा दिवस ठरवून दिलेला नव्हता, आणि मुली रोजची शाळा, दळण-कांडण, शेतातली कामं सांभाळून येत होत्या. त्यांची वाढ त्या नियमाने झाली असं मी मानतो. जे सत्तर होते ते जूनपर्यंत साडेपाचशे झाले ते पाहून-पाहून. शेजारच्या खोलीतली मुलगी रोज उठून जाते आणि परत आल्यावर जरा वेगळी वागते, एवढी साक्ष एका वसतिगृहाला पुरते.

जूनच्या मध्याला अ‍ॅब्रम्सबाईंच्या मनात आलं की बायबल शाळेतल्या मुलींना आसपासच्या गावांत सुवार्तेसाठी पाठवावं. त्यासाठी इतर अभ्यास सोडून तयार होतील अशा मुलींना रमाबाईंनी हाक दिली, तीस जणी आल्या. त्या रोज एकत्र जमून सामर्थ्यासाठी प्रार्थना करू लागल्या. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी ‘आम्हाला बदल’, त्यातून ‘आम्हाला पाठव’.

२९ जूनची पहाट. अ‍ॅब्रम्सबाईंनी लिहून ठेवलेल्या वृत्तांतानुसार साडेतीनच्या सुमाराला त्या तिसांपैकी एक मुलगी जागी झाली. तिच्यावर आत्मा आला होता. तिच्या जवळच झोपलेल्या दुसरीला तिच्या अंगावर ज्वाळा दिसल्या. ती धावत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, पाण्याची बादली उचलून आणली, आणि ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की मुलगी जळत नाहीये. सकाळ व्हायच्या आत त्या आवारातल्या मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या.

मी त्या बादलीवर विश्वास ठेवतो. चमत्काराची गोष्ट रचणाऱ्याला बादली सुचत नाही. शिस्तीत वाढलेली मुलगी आधी पाणी आणायला धावते, हे त्या घराला धरून आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या. सगळ्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. त्यांनी ते थांबवलं. इतकी वर्षं ज्या घराची प्रत्येक गोष्ट त्यांच्या हुकमाने चालत होती, तिथे त्या बाजूला झाल्या. पुढे काही दिवस शाळेचे नेहमीचे तास बाजूला पडले. आधी पापाची टोचणी आणि रडणं, मग क्षमा मिळाल्याचा आनंद आणि गाणं, असा क्रम पाहणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा नोंदवला आहे. पुढच्या काही महिन्यांत शेकडो जणींचे बाप्तिस्मे झाले.

गावांकडे

त्यानंतर मुलींची पथकं आळीपाळीने आसपासच्या गावांत जाऊ लागली. गाणं म्हणायचं, वचन वाचायचं, दोन शब्द बोलायचे, आणि बाकीच्यांनी मागे सदनात त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. रोज वेगळ्या जणी. आज जी गावाला गेली ती उद्या मागे राहून दुसरीसाठी गुडघे टेकणार. साक्ष देणारा आणि प्रार्थना करणारा असे दोन वर्ग झाले नाहीत. आपल्याकडे मात्र प्रार्थना करायला म्हाताऱ्या बाया आणि व्यासपीठावर पाळक अशी वाटणी मुरलेली आहे.

आणखी एक. या पथकांतल्या कितीतरी मुली दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या, बालविधवा, काही जणी ज्यांचं नाव गावात कुणी घेत नसे अशा. त्या काळच्या पुणे जिल्ह्यातल्या गावात अशी मुलगी चार लोकांसमोर उभी राहून बोलते, हे दृश्यच पुष्कळ बोलत होतं. रमाबाई पुण्यातही मुलींचं पथक घेऊन गेल्या. जवळच दौंडला अल्बर्ट नॉर्टन यांच्या मुलांच्या आश्रमातही जागृती पसरली.

आक्षेप

पहिला आक्षेप मिशनऱ्यांचा. फार आवाज, फार रडणं, एकाच वेळी शेकडो जणींची मोठ्याने प्रार्थना. हे सुसंस्कृत नाही, यात भावनेचा उद्रेक आहे. पुढे अन्य भाषांमध्ये, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषांत, बोलण्याचा अनुभव तिथे येऊ लागला तेव्हा टीका आणखी वाढली. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. हिंदी माणसाने देवाची उपासना आपल्या रीतीने केली तर तिला परदेशी मापं लावू नयेत, हे त्यांचं धोरण. टाळ-मृदंगाच्या गजरात ज्या प्रांताची भक्ती वाढली तिथल्या मुलींनी मोठ्याने प्रार्थना केली यात वावगं काय होतं, हे मलाही कळत नाही. साधारण याच काळात नगरकडे नारायण वामन टिळक ख्रिस्ताचे अभंग लिहीत होते. मराठी ख्रिस्ती भक्तीला आपला गळा सापडत होता.

पण अन्य भाषांना रमाबाईंनी कसोटी केलं नाही. आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खरी आणि आवश्यक खूण म्हणजे प्रीती. इतर दानं नाकारू नयेत, पण तीच खूण म्हणू नये, असं त्यांनी ‘मुक्ती प्रेअर बेल’ या आपल्या पत्रात मांडलं. पुढच्या शंभर वर्षांत जगभर मंडळ्या ज्या प्रश्नावर फुटल्या त्यावर केडगावच्या एका बाईने १९०७ सालीच इतकी समतोल भूमिका घेतली होती. आपल्या पाळक प्रशिक्षणात ही भूमिका शिकवली जायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. भुकेने मरणाऱ्या मुलीला तुम्ही अन्न दिलं, छप्पर दिलं, आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेत बसवलं. तिने ‘हो’ म्हटलं तर ते तिचं ‘हो’ आहे का? बाया कर्व्यांचा दाखला शारदा सदनाला लागू पडतो. मुक्तीला तो तितका स्वच्छ लागू पडत नाही, कारण दोन हजारांतल्या बहुतेकींना परतायला घर नव्हतं. याचं एक उत्तर १९०५ च्या घटनेतच आहे असं मला वाटतं: त्या वेळेपर्यंत यांतल्या अनेक जणी नावाने ख्रिस्ती होत्याच, आणि रमाबाईंचं समाधान झालेलं नव्हतं. भाकरीपोटी आलेला होकार त्यांना पुरेसा वाटत नव्हता, म्हणूनच तर ‘खरं परिवर्तन’ मागितलं गेलं. तरी हे अर्धंच उत्तर आहे. दोन हजार जणींमध्ये प्रार्थनेला न बसणारी मुलगीही असणार, आणि तिची बाजू कुणी लिहून ठेवलेली नाही.

पुढे काय झालं

अ‍ॅब्रम्सबाईंनी १९०६ साली आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली आणि शिकागोत आपल्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणीला चिलीमध्ये पाठवली. ती मैत्रीण म्हणजे वाल्परायसोच्या मेथॉडिस्ट पाळकाची, विलिस हूव्हर यांची पत्नी. तिथल्या मंडळीने ती वाचून प्रार्थना सुरू केली, १९०९ साली तिथे जागृती झाली, आणि आजच्या चिलीतल्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) मंडळ्या त्यातून उभ्या राहिल्या. दौंड तालुक्यातलं एक गाव लॅटिन अमेरिकेच्या ख्रिस्ती इतिहासात येतं ते असं. अ‍ॅब्रम्सबाई स्वतः नंतर अमेरिकेहून काही तरुण स्त्रियांना घेऊन परतल्या, उत्तर हिंदुस्थानात काम सुरू केलं आणि १९१२ साली वारल्या.

केडगावला जागृतीचा जोर ओसरला, तसा तो सगळीकडे ओसरतो. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. ते मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापलं गेलं. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

या प्रकरणात एक मोठी उणीव राहते. आपल्याकडे जे वृत्तांत आहेत ते रमाबाईंचे, अ‍ॅब्रम्सबाईंचे, पाहुण्या मिशनऱ्यांचे. सत्तर जणींपैकी एकीचाही आवाज तिच्या स्वतःच्या शब्दांत सविस्तर ऐकू येत नाही. मात्र मुक्तीत वाढलेल्या मुली लग्न होऊन, शिक्षिका, नर्स, बायबल बाई होऊन महाराष्ट्र-गुजरातभरच्या ख्रिस्ती घरांत गेल्या. कुणाच्या पणजीची पहाटेची प्रार्थना कशी होती, ती कुणाची नावं घ्यायची, शेजारच्या हिंदू बाईच्या आजारपणात काय करायची, हे अजून काही घरांत सांगितलं जातं. सांगणारेही आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मंडळ्यांनी एखादा रविवार यासाठी ठेवून या आठवणी मोबाइलवर का होईना, नोंदवून घ्याव्यात. प्रार्थनेने त्या मुली आयुष्यभरात किती वाढल्या याचा पुरावा त्या आठवणींत आहे, जून १९०५ च्या वृत्तांतात तो असूच शकत नाही.